कंदील, पत्र आणि जमिनीखालचा माणूस: जपानी नाट्यचित्रं ओळखायला शिकताना

होकुसाईची लाट आता चहाच्या मगवर असते, मोबाइलच्या कव्हरवर असते. त्यामुळे जपानी लाकडी ठशांची छापचित्रं म्हटली की लाट, फुजी पर्वत आणि पुलावरचा पाऊस एवढंच आपल्याला आठवतं. प्रत्यक्षात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, जे छापून विकलं जायचं त्यातला फार मोठा वाटा काबुकी या तिथल्या लोकप्रिय नाट्यप्रकारातल्या नटांचा आणि कथा-काव्यांतल्या प्रसंगांचा होता. निसर्गदृश्यांची चलती बरीच उशिरा, १८३० च्या आसपास सुरू झाली.

ही नाट्यचित्रं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर हजारोंनी आहेत, फुकट आणि मोठ्या आकारात. तरी नवखा माणूस चार पानं चाळतो आणि बंद करतो, कारण सगळी सारखीच वाटतात. भडक कपडे, तिरळे डोळे, कोपऱ्यात न कळणारी अक्षरं. माझंही तेच झालं. मी चित्रकारांची नावं पाठ करत बसले होते: हारुनोबू, शुन्शो, उतामारो, शाराकू, कुनिसादा, कुनियोशी. सहा महिन्यांत नावं आली, पण चित्रातला माणूस फाटकी छत्री घेऊन पावसात का उभा आहे ते काही कळेना.

गोची अशी की ही चित्रं ज्यांच्यासाठी छापली, त्यांना नाटक तोंडपाठ होतं. बालगंधर्वांचा फोटो बघून ‘ही रुक्मिणी’ असं आपल्या आजीला कुणी सांगावं लागत नव्हतं, तसंच. तेव्हा चित्रकार थोडे दिवस बाजूला ठेवा आणि एक नाटक हातात घ्या. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. एकच नाटक धरा, आणि ते ‘चुशिंगुरा’ असू द्या

दुसरीही चालतील, पण चुशिंगुराइतकी चित्रं क्वचितच कुठल्या नाटकाची मिळतील. होकुसाई, उतामारो, हिरोशिगे, कुनियोशी, कुनिसादा, सगळ्यांनी ते काढलंय, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मूळ घटना खरी. १७०१ साली आको संस्थानचा सरदार आसानो याने एदोच्या किल्ल्यात किरा नावाच्या दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली. किल्ल्यात शस्त्र उपसणं हा मोठा गुन्हा, त्यामुळे त्याला त्याच दिवशी पोट फाडून मरण्याची शिक्षा झाली. त्याचे सामुराई बेवारस झाले. त्यातल्या सत्तेचाळीस जणांनी जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली आणि १७०३ च्या जानेवारीत किराच्या वाड्यावर रात्री हल्ला करून त्याचं डोकं धन्याच्या थडग्यावर नेऊन ठेवलं. त्या सगळ्यांच्या समाध्या तोक्योच्या सेन्गाकुजी देवळात आहेत. आजही तिथे उदबत्त्यांचा धूर असतो.

यावरचं ‘कानादेहोन चुशिंगुरा’ १७४८ साली ओसाकात आलं, आधी बाहुल्यांचं नाटक म्हणून आणि लगेच काबुकीत. सामुराईंच्या ताज्या भानगडी रंगमंचावर आणायला सरकारची बंदी होती. म्हणून लेखकांनी सगळी गोष्ट चौदाव्या शतकात ढकलली आणि नावं बदलली. आसानोचा झाला एन्या हांगान, किराचा झाला मोरोनाओ, आणि सत्तेचाळीसांचा म्होरक्या ओइशी कुरानोसुके झाला ओबोशी युरानोसुके. प्रेक्षकांत एकही जण फसला नाही. नाटकाच्या नावातच चिमटा आहे: कानादेहोन म्हणजे बाराखडी गिरवायचा कित्ता, आणि जुन्या जपानी मुळाक्षरांची संख्या सत्तेचाळीस. म्हणून बऱ्याच चित्रांत हल्लेखोरांच्या अंगरख्यांवर एकेक अक्षर दिसतं.

२. अकरा अंकांच्या अकरा खुणा

चुशिंगुराच्या मालिकेत बहुतेक वेळा अंकाचा आकडा लिहिलेला असतो. जपानी एक, दोन, तीन म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. अकरा म्हणजे अधिक आणि त्याखाली एक रेघ. एवढं आलं तरी तुम्ही पहिला, दुसरा, तिसरा, दहावा आणि अकरावा अंक न अडखळता लावाल. बाकीचे खुणांवरून.

पहिल्या अंकात देवळाचं आवार, मोठं गिंको झाड आणि शिरस्त्राणांची पाहणी. दुसऱ्यात एकजण तलवारीने पाइनची फांदी छाटतो. तिसऱ्यात पाय झाकून मागे फरफटणाऱ्या लांब विजारी घातलेले दरबारी, आणि मोरोनाओवर धावणाऱ्या हांगानला मागून कवळ घालून अडवणारा होन्झो. चौथ्यात पांढऱ्या कपड्यातला हांगान मरायला बसलेला. पाचव्यात काळोख, पाऊस, रानडुक्कर, बंदूक आणि फाटकी छत्री. सहाव्यात गरिबाचं घर आणि पुन्हा एक आत्महत्या. चौथा की सहावा असा घोळ झाला तर माणसाचा गाल बघा, रक्ताळलेल्या पंजाचा ठसा असेल तर तो कान्पेई, अंक सहावा. आठव्यात मायलेकी प्रवासाला निघालेल्या, मागे बहुधा फुजी. नवव्यात बर्फ, आणि डोक्यावर टोपलीसारखी टोपी घातलेला बासरीवाला. दहाव्यात एक व्यापारी पेटाऱ्यावर ठाण मांडून बसलेला, उठायचं नाव घेत नाही. अकराव्यात बर्फातला हल्ला, काळ्या-पांढऱ्या नागमोडी काठाचे अंगरखे.

सातवा मुद्दाम वगळला. तो पुढच्या पायरीत येतो.

त्याआधी पाचव्या अंकातल्या छत्रीवाल्याबद्दल थोडं सांगते. हा सादाकुरो, म्हाताऱ्याला मारून पन्नास र्‍योंची थैली लांबवणारा दरोडेखोर. भूमिका किरकोळ होती, आणि या अंकात प्रेक्षक आपले जेवणाचे डबे उघडायचे. १७६६ साली नाकामुरा नाकाझो नावाच्या नटाच्या वाट्याला ती आली. त्याने गावठी दरोडेखोराचा जुना वेश टाकून दिला आणि काळा किमोनो, पांढराफटक चेहरा, ओले केस नि फाटकी छत्री घेऊन उभा राहिला. डबे तसेच राहिले म्हणतात. तेव्हापासून सादाकुरो तसाच दिसतो, रंगमंचावरही आणि चित्रांतही. म्हणजे एखाद्या चित्रात सादाकुरो काळ्या किमोनोत दिसला तर ते नाकाझोच्या नंतरचं, एवढा अंदाज तुम्ही आत्ताच बांधू शकता.

३. सातव्या अंकासमोर अर्धा तास बसा

आता एखाद्या संग्रहालयाच्या शोधखिडकीत चुशिंगुरा आणि सातवा अंक असं टाका. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात पन्नास हजारांहून जास्त जपानी छापचित्रं आहेत. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम हीदेखील चांगली ठिकाणं. सातव्या अंकाची दहा-बारा चित्रं वेगवेगळ्या खिडक्यांत उघडून शेजारी शेजारी ठेवा.

जागा क्योतोच्या गिओन वस्तीतलं इचिरिकी नावाचं चहाघर. चहाघर हा शब्द सभ्य आहे, तिथे चहापेक्षा बाकीचंच जास्त चालायचं. सूड विसरलो असं शत्रूच्या हेरांना वाटावं म्हणून युरानोसुके इथे दारू पिऊन लोळत असतो. रात्री एकांत साधून तो ओसरीवरच्या टांगत्या कंदिलाखाली एक गुप्त पत्र वाचतो. पत्र म्हणजे लांबच लांब गुंडाळी. वाचलेला भाग हातातून खाली ओघळत जातो.

आता तीन नजरा मोजा. एक युरानोसुकेची, पत्रावर. दुसरी वरच्या खोलीतून, ओकारू नावाच्या तरुणीची. तिला वाटतं हे प्रेमपत्र आहे. अंतर जास्त, अंधार, म्हणून ती हातआरशात पत्राचं प्रतिबिंब पाहून वाचते. तिसरी नजर ओसरीच्या खालून. शत्रूचा हेर कुदायू जमिनीखाली दडून ओघळलेलं टोक वाचतोय. एकच पत्र, तीन वाचक, आणि पहिल्याला बाकीच्या दोघांचा पत्ता नाही. मग ओकारूच्या केसांतला काटा खाली पडतो आणि त्याला कळतं.

बहुतेक चित्रकार काटा पडण्याच्या आधीचा क्षण धरतात. उभा ताव असेल तर रचना आपोआप जमते, वर आरसा, मधे कंदील, खाली कुदायूचं डोकं. तुमच्या समोरच्या दहा चित्रांत पाहा, काही जणांनी कुदायूला गाळलेलं असेल. काहींनी फक्त कंदील आणि पत्र ठेवलं असेल. हारुनोबू आणि उतामारो आणखी पुढे जातात. उतामारोच्या एका मालिकेत चुशिंगुराच्या सगळ्या जागांवर सुंदर बायकाच आहेत, आणि अकराव्या अंकात तर त्याने स्वतःलाच त्या घोळक्यात बसवलंय. प्रसिद्ध प्रसंगाला असे परके कपडे चढवण्याला जपानीत ‘मिताते’ म्हणतात. पत्र वाचणारी साधी बाई दिसते, पण वर कुणाच्या हातात आरसा असेल तर तिथे सातवा अंक लपलाय. गिऱ्हाइकाने तो ओळखावा आणि खूश होऊन पैसे काढावेत, हाच धंदा.

माझ्या मते या एका पायरीवर महिना गेला तरी चालेल. दहा चित्रकारांनी तोच प्रसंग कसा मांडला हे एकदा डोळ्यांत बसलं की शैली म्हणजे काय ते वेगळं शिकावं लागत नाही.

४. हा रंगमंच आहे की नुसती गोष्ट?

तोच प्रसंग दोन तऱ्हांनी येतो. कधी कथेतली पात्रं, कधी त्या पात्रांच्या वेशातले अमुक नट. फरक ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे कपाळावरचा जांभळा तुकडा.

सुरुवातीला मी या चित्रांतल्या बायकांना सरळ बायका समजत होते. पण एकीच्या कपाळाच्या वर, केसांच्या पुढच्या भागावर जांभळ्या कापडाची घडी होती. दागिना असेल म्हणून सोडून दिली. मग ती दुसरीच्या डोक्यावर दिसली, तिसरीच्याही. हा दागिना नव्हता. १६२९ साली बायकांना रंगमंचावर बंदी झाली. मग कोवळी मुलं स्त्रीभूमिका करू लागली, तर १६५२ साली त्यांच्यावरही गदा आली आणि पुढे नटांना मोठ्या पुरुषासारखं कपाळावरचं डोकं भादरावं लागलं. ते भादरलेलं डोकं झाकायला हे कापड. म्हणजे जांभळी घडी दिसली की ती स्त्री नव्हे, ‘ओन्नागाता’, स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट.

दुसरी खूण चेहऱ्यावरचे पट्टे. या रंगरेषांना ‘कुमादोरी’ म्हणतात. लाल म्हणजे शूर आणि न्यायी, निळा म्हणजे दुष्ट, तपकिरी असेल तर बहुधा राक्षस किंवा पिशाच. तिसरी खूण म्हणजे गोठलेली मुद्रा. ऐन रंगात नट हात-पाय ताणून, मान झटकून, डोळे तिरळे करून क्षणभर थांबतो. ती ‘मिए’. त्या क्षणी प्रेक्षकांतून नटाच्या घराण्याची आरोळी उठते, दान्जुरोसाठी ‘नारिताया!’, किकुगोरोसाठी ‘ओतोवाया!’. वन्स मोअरची आठवण येते, पण इथे मागणी नाही, नुसती दाद. तर तिरळे डोळे ही चित्रकाराची चूक नाही, टाळीची जागा आहे.

मुखवटा दिसला, पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी असली आणि रंग शांत असले तर ते काबुकी नसून ‘नो’, म्हणजे मुखवट्यांचं जुनं नाटक. त्यासाठी चित्रकार त्सुकिओका कोग्यो एवढं एकच नाव सध्या पुरे.

५. नट ओळखा, बाही बघून

प्रत्येक नटघराण्याचं बोधचिन्ह असतं आणि ते बाहीवर, छातीवर, कधी पंख्यावर असतं. पाच पाठ करा. एकात एक बसवलेले तीन चौकोन म्हणजे इचिकावा दान्जुरो. चिन्हाचं नाव मिमासू, धान्य मोजायची तीन मापं. ‘शिबाराकू’ या नाटकात तर हे चौकोन शेंदरी अंगरख्याच्या अवाढव्य बाह्यांवर इतके मोठे असतात की चुकायची सोय नाही. वर्तुळात फिरणारी, ‘मोठा’ या अर्थाची तीन अक्षरं म्हणजे बांदो मित्सुगोरो. तीन पंखे म्हणजे इवाई हान्शिरो. चौकटीच्या आकारात चार फुलं म्हणजे मात्सुमोतो कोशिरो. रेशमी कापसाची बांधलेली मोळी म्हणजे सेगावा किकुनोजो.

एक सावधगिरी. नाव वारशाने चालतं. दान्जुरो हा एक माणूस नाही, ती गादी आहे. पहिला १७०४ साली रंगमंचावरच भोसकला गेला, आठव्याने १८५४ साली ओसाकात आत्महत्या केली, आणि तेरावा २०२२ साली गादीवर आला. आठव्याच्या मृत्यूनंतर त्याची शंभराहून जास्त श्रद्धांजलीची चित्रं बाजारात आली. अशा चित्रांना ‘शिनी-ए’ म्हणतात, आणि त्यांत नटाच्या अंगावर बहुधा फिक्या निळ्या रंगाचे कपडे असतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तोरी घराण्याच्या चित्रांत सगळे नट एकाच साच्याचे, भोपळ्यासारख्या पोटऱ्या नि गांडुळासारख्या रेषा. चेहरा ओळखू येईल असा नट खऱ्या अर्थाने शुन्शोने १७६० च्या दशकात आणला. आणि त्याचं टोक गाठलं शाराकूने.

शाराकूचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलंय: गडद चमकत्या पार्श्वभूमीवर पुढे झुकलेलं डोकं, दाबलेले ओठ, आणि किमोनोच्या छातीतून बाहेर आलेले फाकलेल्या बोटांचे दोन विचित्र हात. तिसरा ओतानी ओनिजी, भूमिका एदोबेई नावाच्या नोकराची, १७९४ चा पाचवा महिना, कावाराझाकी नाट्यगृह. हे चित्र जगभर एकटंच छापलं जातं, त्यामुळे ते हात कशासाठी हा प्रश्न लटकत राहतो. शाराकूचंच इचिकावा ओमेझोचं चित्र शोधा, भूमिका इप्पेई. तो तलवारीला हात घालतोय. दोन्ही शेजारी ठेवा. एदोबेई पैसे लुटायला आलाय, इप्पेई ते राखतोय, आणि ते फाकलेले हात झडप घालायच्या बेतात आहेत. नाटक कळल्यावर हात विचित्र राहत नाहीत.

शाराकूने सुमारे दहा महिने काम केलं, त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकासाठी, आणि १७९५ च्या सुरुवातीला तो नाहीसा झाला. तो कोण होता यावर लोक भांडत बसतात. नवख्याने त्यात पडू नये.

६. जपानी येत नसताना अक्षरं वाचा

चित्रात साधारण चार प्रकारचा मजकूर असतो: मालिकेचं नाव, भूमिकेचं आणि नटाचं नाव, चित्रकाराची सही, आणि शिक्के. सही उभी, वरून खाली, आणि शेवटी बहुतेकदा ‘गा’ किंवा ‘हित्सु’, म्हणजे ‘याने काढलं’. सही ‘तोयोकुनी’ लागली म्हणून हुरळून जाऊ नका. कुनिसादानेच १८४४ पासून गुरूचं ते नाव लावलं, आणि त्याआधी आणखी एकाने लावलं होतं. तारीख कळल्याशिवाय तोयोकुनी कितवा ते कळत नाही.

तारीख शिक्क्यांतून कळते. १७९० पासून प्रत्येक चित्राला परीक्षकांची मंजुरी लागे. एकच छोटा गोल ‘किवामे’ शिक्का असेल तर चित्र १७९० ते १८४२ मधलं. परीक्षकाच्या नावाचा एक शिक्का, १८४३ ते १८४७. असे दोन शेजारी शेजारी, १८४७ ते १८५२. आणि १८५२ पासून थेट साल-महिन्याचा शिक्का, ज्यात साल म्हणजे राशीचक्रातला प्राणी. १८५२ उंदीर, ५३ बैल, ५४ वाघ, ५५ ससा, ५६ ड्रॅगन, ५७ साप, ५८ घोडा, ५९ मेंढी, ६० माकड, ६१ कोंबडा, ६२ कुत्रा, ६३ डुक्कर, आणि ६४ ला पुन्हा उंदीर. ही बारा अक्षरं कागदावर उतरवून संगणकाशेजारी चिकटवा. साल-महिना मिळाला की त्या महिन्यात कुठलं नाटक चालू होतं ते शोधता येतं. फक्त महिने जुन्या चांद्र पंचांगाचे आहेत हे ध्यानात ठेवा, जपानने आताचं कॅलेंडर १८७३ पासून घेतलं.

भूमिकेचं नाव आहे पण नटाचं नाही, असंही दिसेल. त्याचं कारण १८४२ चं. तेम्पो सुधारणांच्या नावाखाली सरकारने उधळपट्टीवर घाव घातला, नट आणि गणिकांची चित्रं बंद केली, सातव्या दान्जुरोला एदोतून हद्दपार केलं. काही वर्षांनी नटचित्रं परत आली, पण बराच काळ नावाविना. चेहरा ओळखणाऱ्याला नावाची गरज नव्हतीच. कुनियोशीने यावर जी शक्कल काढली ती माझी सगळ्यात लाडकी. १८४८ च्या सुमारास त्याने कोठाराच्या भिंतीवर खिळ्याने ओरखडलेल्या पोरकट रेघोट्यांचं चित्र काढलं. बघितलं तर भिंतीवरचा उनाडपणा, नीट बघितलं तर प्रत्येक रेघोटी म्हणजे एकेक प्रसिद्ध नट. मधे एक मांजरही नाचतंय.

हे सगळं पडताळायला दोन जागा. तोक्योच्या वासेदा विद्यापीठाचं त्सुबोउची स्मृती नाट्यसंग्रहालय, १९२८ पासूनचं. त्यांच्या माहितीकोशात नटचित्रांचा डोंगर आहे. आणि उकियो-ए डॉट ऑर्ग, जिथे तुम्ही चित्राचा फोटो चढवला की तेच चित्र कुठकुठल्या संग्रहात आहे ते समोर येतं.

७. आता साहित्याकडे

इथेही तीच रीत, एक ग्रंथ आणि त्याच्या खुणा. ग्रंथ मुरासाकी शिकिबूची गेन्जीची कथा, अकराव्या शतकाच्या सुरुवातीची, चोपन्न प्रकरणांची. पंख्यावर ठेवलेलं पांढरं फूल म्हणजे युगाओचं प्रकरण. बर्फाळ नदीतली होडी आणि दोन प्रेमी म्हणजे उकिफुने. आणि दोरी बांधलेलं मांजर म्हणजे तिसरी राजकन्या. अंगणात तरुण चेंडू खेळत असतात, मांजराच्या दोरीत अडकून पडदा सरकतो, एका तरुणाला राजकन्या क्षणभर दिसते आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. सातशे-आठशे वर्षांनंतरच्या चित्रात एखादी गणिका दोरीवाल्या मांजराबरोबर दिसली, तर एदोतल्या वाचकाला ती राजकन्या आठवायची.

काही चित्रांच्या कोपऱ्यात पाच उभ्या रेघा दिसतील, काही वरून एकमेकींना जोडलेल्या. ही गेन्जीची चिन्हं, सुवासाच्या एका खेळातून आलेली. पाच वेळा धूप हुंगायचा, जे वास सारखे वाटले त्यांच्या रेघा जोडायच्या. जोडण्याच्या बावन्न तऱ्हा होतात, म्हणून पहिलं आणि शेवटचं प्रकरण सोडून बाकी प्रत्येकाला एकेक चिन्ह. तक्ता जालावर सहज मिळतो.

मात्र सावध राहा. एकोणिसाव्या शतकात गेन्जी म्हणून जे विकलं जायचं ते बऱ्याचदा मुरासाकीचं नसून र्‍युतेई तानेहिकोच्या विडंबन-कादंबरीचं असायचं. ‘निसे मुरासाकी इनाका गेन्जी’ १८२९ पासून भागाभागाने येत राहिली, चित्रं कुनिसादाची, आणि तिने कहर लोकप्रियता मिळवली. १८४२ साली सरकारने ती बंद पाडली आणि तानेहिको त्याच वर्षी वारला. तिचा नायक ओळखायला त्याची शेंडी बघायची, झिंग्याच्या शेपटीसारखी दुभंगलेली. शेंडी तशी असेल तर तुम्ही राजदरबारात नाही, तानेहिकोच्या पानांत आहात.

वीररसाची आवड असेल तर कुनियोशीकडे जा. १८२७ पासून आलेल्या त्याच्या सुइकोदेन मालिकेत चिनी कादंबरीतले बंडखोर आहेत, अंगभर गोंदलेले. आणि तीन तावांवर पसरलेलं ते प्रचंड सांगाड्याचं चित्र, १८४४ च्या आसपासचं. डावीकडे हातात गुंडाळी घेतलेली ताकियाशा, बंडखोर मासाकादोची मुलगी, आणि उजवीकडून बांबूचा पडदा फाडून आत डोकावणारा सांगाडा. प्रसंग सान्तो क्योदेनच्या कादंबरीतला. तिथे सांगाडे पुष्कळ आहेत. कुनियोशीने सगळ्यांचा मिळून एक केला.

८. हातात घ्यायची वेळ आली तर

चित्रकार फक्त रेखाटन करायचा. ते पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा आरपार कोरायचा, म्हणजे मूळ चित्र तिथेच संपलं. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. कागद दर वेळी नेमका बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात खाच, तिला ‘केन्तो’ म्हणतात. छापायला यंत्र नाही, बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती कागदाच्या पाठीवर घासायची. सगळ्यांना कामाला लावणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक.

याचा उपयोग विकत घेताना. कागद उलटा करून बघा, पाठीवर रंग पाझरलेला आणि घासल्याची गोल वळणं दिसली पाहिजेत. मग भिंग लावा. क्योतोच्या एका गल्लीत मला ‘जुनं’ म्हणून दिलेलं चित्र मी घरी येऊन भिंगाखाली धरलं, तर सगळीकडे वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके. ऑफसेट छपाई. भिंग पर्समध्येच होतं, ही खरी चीड आणणारी गोष्ट.

नव्याने फळ्या कोरून हाताने छापलेल्या प्रती वेगळ्या, तोक्योतली आदाची संस्था तसं काम करते, आणि त्या तशाच नावाने विकल्या जात असतील तर आनंदाने घ्याव्यात. अस्सल हवं असेल तर शाराकूचं स्वप्न सोडा. कुनिसादाने आयुष्यात वीस हजारांच्या घरात चित्रं केली असं मानतात, त्यामुळे त्याची आणि कुनिचिकाची नटचित्रं आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात सापडतात, विशेषतः तीन तावांतला एकच सुटा ताव असेल तर. कडा कापलेल्या आहेत का, वाळवीची भोकं भरली आहेत का, मागे दुसरा कागद चिकटवलाय का, हे विचारून घ्या. १८६० नंतरचे झगझगीत लाल-जांभळे रंग बनावट नसतात, तेव्हा परदेशी रासायनिक रंग आले होते.

घरी आणल्यावर भिंतीवर कायमचं लावू नका. जुने वनस्पतिजन्य निळे-जांभळे रंग उजेडाने उडतात आणि मातकट होतात. आम्लरहित पुठ्ठ्यात सपाट ठेवा, चिकटपट्टी कुठेही लावू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा.